छतावरचे नऊ ठिपके

उत्तर थायलंडमधल्या फ्रे शहरात कुठल्याही गाडीचं दार उघडलं तर सीटची पाठ निळी दिसणारच. इथली माणसं निळीत रंगवलेले जाड सुती सदरे घालतात, उन्हात घामाघूम होतात आणि तशीच गाडीत टेकून बसतात. दोन वर्षांत तो रंग सीटमध्ये असा मुरतो, की धुऊन जात नाही, घासून जात नाही. नुआनच्या हाताखाली मात्र जायचा. चियांग माईच्या एका हॉटेलात अकरा वर्षं खोल्या आवरताना तिनं चादरींचे नि गालिच्यांचे इतके डाग काढले होते, की डाग बघूनच तो कशाचा, किती दिवसांचा आणि कुणी लपवायला गेलं होतं का, हे तिला कळायचं.

नवऱ्याजवळ फ्रेला परतल्यावर तिनं हीच विद्या गाड्यांना लावायची ठरवली. जागा भाड्यानं घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून गाडी आपल्याकडे येण्याऐवजी आपणच गाडीकडे जायचं. तिचा नवरा इनसोन सागवानी फर्निचरच्या कारखान्यात सुतार होता. त्यानं उरलेसुरले तुकडे जोडून मोटरसायकलला बाजूचा गाडा बसवून दिला. त्या गाड्यात ऐंशी लिटरचं पिंप, हॉटेलनं मोडीत काढलेला व्हॅक्यूम, फेस उडवायचा हातपंप, जुने टूथब्रश, धुऊन धुऊन मऊ झालेली पिवळी फडकी आणि गिऱ्हाइकाच्या घरातून वीज घ्यायला लांबलचक वायर. दुकान ते एवढंच. आमच्या हिचं दुकान वळणावर डावीकडे कलतं, असं इनसोन सगळ्यांना सांगायचा.

पहाटे भन्तेंची रांग दारावरून गेली की नुआन त्यांच्या पात्रांत चिकट भाताचा एकेक गोळा घालायची, मग घरातल्या बुद्धमूर्तीपुढं बसून पंचशील घ्यायची आणि मगच पिंप भरायची. हॉटेलच्या नोकरीतही हा नेम चुकला नव्हता. धंद्यालाही तिनं तसाच एक नेम लावून घेतला होता. गाडीत हात घालण्याआधी मालकाला विचारायचं, खूण कुठं आहे?

नवी गाडी आधी विहारात जाते, मग घरी येते. भन्ते चालकाच्या जागी बसतात, सुगंधी पांढऱ्या मातीत बोट बुडवून डोक्यावरच्या छताला ठिपके देतात, त्यांवर सोन्याचा वर्ख दाबतात आणि सुत्त म्हणतात. त्यानंतर गाडी कितीही जणांच्या हातांतून जाओ, त्या ठिपक्यांवरून कुणी फडकं फिरवत नाही. नुआन तर तिथं स्वच्छ कापड धरून कडेनं कागदी चिकटपट्टी लावायची आणि मगच फेसाला हात घालायची.

हा नेम तिनं एकदाच मोडला, आणि मोडला तो भीतीनं.

सेंगलाबाईंनी निम्म्या शहराला गणित शिकवलं होतं. अठ्ठ्याहत्तरीच्या झाल्या, शाळा सुटून अठरा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना 'ख्रू' म्हणजे बाईच म्हणत. नुआन त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. आता ती छत्तीस वर्षांची होती आणि तरीही ख्रूंचा फोन आला तेव्हा उभी राहून बोलली. काम असं होतं, की ख्रूंच्या नवऱ्याची जुनी गाडी तो गेल्यापासून सहा वर्षं पडवीत उभी होती. नातीला नान गावी इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती, आणि परवा ती तीच गाडी घेऊन घाटातून जाणार होती. इंजिन मेकॅनिकनं चालू करून दिलं होतं, आता गाडी आतून माणसात आणायची.

काम मोठं नव्हतं, पण ख्रू मोठ्या होत्या. दर बुधवारी निवृत्त शिक्षकांचं टोळकं बाजारातल्या शेवयांच्या दुकानात जमायचं. बारा जण, बाराही जणांकडे गाड्या. ख्रूंच्या तोंडून बरा शब्द निघाला तर नुआनचा धंदा उभा राहिला असता, वाईट निघाला तर तो गाडा इनसोनला परत लाकडं वाहायला वापरावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ख्रू पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी आधी पिंप निरखलं. किती लिटर, एका गाडीला किती लागतं, म्हणजे किती गाड्या? नुआन फळ्यासमोर उभी असल्यासारखी म्हणाली, चार. मग पाचवी आली तर काय करणार, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता "लाग कामाला" म्हणून शेजारणीच्या स्कूटरवर मागं बसून रक्तदाब तपासायला गेल्या. नुआनचा प्रश्न जिभेवर होता. तो तिथंच राहिला.

तिनं स्वतःच शोधलं. ख्रूंचे यजमान दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायचे, आणि वीस वर्षांच्या धुरानं छताचं कापड कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. त्यावर काही दिसेना. बोटानं चाचपलं तर काही लागेना. नसेलच, असं तिनं मनाला सांगितलं. सांगताना मनानं जरा कुरकुर केली. तिनं ऐकलं नाही.

सीटा निघाल्या, गालिचे निघाले, दारांच्या खाचांतली धूळ टूथब्रशनं निघाली. शेवटी छत. त्याला फार ओलं करून चालत नाही, कापड सुटून खाली लोंबतं. तळहातावर थोडा फेस, हलका दाब, एकाच दिशेला. तपकिरी रंग फडक्यावर येऊ लागला आणि खालून सायीसारखा पांढरा उघडा पडू लागला. नुआनला इतकं बरं वाटलं, की ती गुणगुणायला लागली. मग तिनं फडक्याची घडी उलटली, आणि घडीत मोहरीच्या दाण्याएवढा सोन्याचा कण होता.

तिनं फडकं उजेडात धरलं. मग मान वर करून पाहिलं. छत एकसारखं पांढरं होतं. इतकं चांगलं काम तिच्या हातून याआधी झालं नव्हतं.

दुपारी इनसोन जेवण घेऊन आला, तेव्हा ती अंगणात उकिडवी बसली होती. तिनं फडकं दाखवलं. त्याला सांगावं लागलं नाही. ते ठिपके कुणाचे, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. ख्रूंच्या गाडीवर खुद्द लुआंगपूंनी, म्हणजे विहाराच्या थोरल्या भन्तेंनी, बोट टेकवलं होतं, आणि लुआंगपूंना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

इनसोन मनानं चांगला, पण बायकोचं तोंड उतरलेलं त्याला बघवायचं नाही. तो हळूच म्हणाला, "पांढरी माती मी आणतो. नऊ ठिपके तर द्यायचेत. ते आधी तरी कुठं दिसत होते? बाईंना वाटेल, धूर गेला नि खूण वर आली. उलट तुझं नाव होईल."

"आणि ती पोरगी घाटातून जाईल ती कुणाच्या भरवशावर?" नुआन म्हणाली. "तुमच्या बोटाच्या?"

इनसोननं आपल्या बोटाकडं पाहिलं. सुताराचं बोट, नखात डिंक. मग त्यानं शेवयांचं पुडकं तिच्याकडं सरकवलं. तिनं ते उघडलं नाही.

ख्रू आल्या. नुआन त्यांच्या पायापाशी बसली, हात जोडले, आणि मधे ते फडकं ठेवलं.

"ख्रू, लुआंगपूंचे ठिपके माझ्याकडून पुसले गेले. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

ख्रूंनी चष्मा वर करून तो कण पाहिला. मग गाडीचं दार उघडलं आणि चालकाच्या जागी जाऊन बसल्या. जन्मभर त्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. वर बघत त्या अशा बसल्या, की इनसोननं पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"का नाही विचारलंस?" त्या म्हणाल्या.

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची."

ख्रूंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "ह्यांनी वीस वर्षं त्या ठिपक्यांवर धूर सोडला. मी रोज ओरडायची, ऐकलं नाही. तू एका सकाळीत कारभार आटोपलास. आधी शिक्षा कुणाला करायची, ते मला ठरवू दे."

ठरवायला फार वेळ लागला नाही, कारण पोरगी उद्या निघणार होती. गाडीला खूण हवी, आणि ती लुआंगपूंच्याच विहारातली हवी. अडचण एकच होती. लुआंगपूंच्या आसनावर आता त्यांचे शिष्य बसले होते, आणि ते शिष्य म्हणजे चौथीतला मानोप. शेजारच्या मुलाच्या वहीतून गणिताची नक्कल केली म्हणून ख्रूंनी त्याला सबंध वर्गासमोर हातावर छड्या दिल्या होत्या. तो मठाधिपती झाल्यापासून ख्रू नदीपलीकडच्या विहारात जात होत्या. तिकडच्या वाटेला सावली आहे, असं सांगत. आपल्याच विद्यार्थ्यापुढं वाकायला नको म्हणून, हे सगळ्यांना माहीत होतं.

"चला," ख्रू म्हणाल्या. पण खूण नसलेल्या गाडीत त्या बसेनात. शेवटी गाडी इनसोननं चालवली, एकट्यानं, लग्नातल्यासारखी हळू. आणि पुढं नुआनची मोटरसायकल, बाजूच्या गाड्यात पिंपाशेजारी पालथ्या बादलीवर ख्रू, छत्री उघडून, पाठ ताठ. बाजारातल्या बायका हातातलं काम टाकून नमस्कार करत होत्या, आणि ख्रू मान लववून प्रत्येकीचा घेत होत्या. एका वळणावर गाडा डावीकडे कलला तेव्हा त्या म्हणाल्या, "वजन विभागायला शिक. पिंप इकडं, फडकी तिकडं."

विहारात भन्ते स्वतः बाहेर आले. रुंद हाडाचे, पन्नाशीजवळचे, शांत. कुणी काही बोलायच्या आत ख्रू चटईवर बसल्या आणि त्यांनी तीन वेळा कपाळ जमिनीला टेकवलं. तिन्ही वेळा पूर्ण, घाई न करता. भन्तेंचा उजवा तळहात आपोआप चीवराच्या घडीत गेला. नुआननं ते पाहिलं आणि मान खाली घातली. हसू येत होतं, आणि डोळेही भरून आले होते.

मग तिला एक गोष्ट आठवली, आणि यावेळी ती लगेच बोलली. छत अजून दमट आहे. ओल्या कापडावर माती धरणार नाही, उद्याच गळून पडेल. तासभर तरी वाळवावं लागेल. भन्ते म्हणाले, वाळू दे. तिनं विहाराच्या ओसरीवरून वीज घेतली, व्हॅक्यूमची नळी उलटी लावली आणि छतावर वारा सोडत बसली.

तो तासभर ख्रूंना आणि भन्तेंना ओसरीवर एकमेकांसमोर बसावं लागलं. आधी रक्तदाबाचं बोलणं झालं, मग जंगलातल्या वणव्यांच्या धुराचं. नुआननं नळी हलवण्यापुरता यंत्र बंद केलं, आणि तेवढ्यात तिला भन्तेंचा आवाज ऐकू आला.

"ख्रू, ती नक्कल मी केली नव्हती. त्यानं माझी केली होती."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?" ख्रू म्हणाल्या, आणि लगेच सावरल्या. "नाहीत?"

"भीती वाटली."

ख्रूंनी गाडीकडं पाहिलं. नुआननं पटकन यंत्र चालू केलं, पण त्याआधी ख्रूंचा चेहरा तिला दिसला होता. एकाच दिवसात दोनदा तेच उत्तर ऐकलेल्या माणसाचा चेहरा. थोड्या वेळानं तिनं चोरून पाहिलं, तर ख्रू पुन्हा वाकल्या होत्या. या खेपेला रीत म्हणून नव्हे. आणि भन्ते त्यांना काहीतरी समजावत होते, हसत हसत, हात घडीबाहेर काढून.

छत वाळलं. इनसोननं मातीची वाटी भन्तेंना दिली. भन्ते गाडीत बसले आणि सुत्त म्हणत एकेक ठिपका देऊ लागले. खाली एक ओळ, वर एक, टोकाशी एक. ख्रू दारापाशी हात जोडून उभ्या होत्या. पाचवा ठिपका जरा तिरका पडला. ख्रूंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

परतताना त्या गाडीत बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. बसण्याआधी त्यांनी नुआनच्या हातात ठरलेले पैसे ठेवले. ती घेईना, तेव्हा म्हणाल्या, "काम केलंस त्याचे हे. चुकीचा हिशेब वेगळा. बुधवारी शेवयांच्या दुकानात ये आणि काय झालं ते सगळ्यांना तुझ्या तोंडानं सांग. मी बोलणार नाही."

बुधवारपर्यंत नुआनला नीट झोप लागली नाही. इनसोन म्हणाला, मी येतो. ती नको म्हणाली.

बारा शिक्षक दोन टेबलं जोडून बसले होते. तिनं उभ्यानं सांगितलं, फडक्यातल्या कणापर्यंत आणि तिथून ओसरीपर्यंत. भन्तेंची नकलेची गोष्ट तेवढी तिनं गाळली, ती तिची नव्हती. ख्रू वाडग्यात बघत जेवत होत्या. गोष्ट संपली. भूगोलाच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. मग टोकाला बसलेले कवायतीचे मास्तर खाकरले. त्यांच्या गाडीला मालिशच्या तेलाचा वास येतो, नातवंडं बसायला तयार नाहीत, असं ते जरा लाजून म्हणाले. तो जाईल का?

"वास किती वर्षांचा?" नुआननं विचारलं. "सीट कापडी की रेक्झिनची? आणि तेल सांडलंय, की अंगाला लावून तुम्ही तसेच बसता?"

बाकीचे हसायला लागले. मास्तर म्हणाले, तसाच बसतो, काय करणार. ख्रूंनी वाडग्यातून मान वर केली नाही. पायानं टेबलाखालचं रिकामं स्टूल नुआनकडं सरकवलं आणि म्हणाल्या, "बस. तुझ्या शेवया गार होताहेत."