झोपेच्या फंडाचे दोनशे चौदा धारक

झोपेचा फंड बंद करायचं ठरलं त्या बैठकीत सगळ्यात आधी बिस्किटं संपली. नवे साहेब बोलता बोलता बशी स्वतःकडे ओढत राहिले आणि शेवटचं बिस्किट तोंडात असतानाच म्हणाले, "तर मंडळी, हा गुंडाळायचा."

ताई टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसल्या होत्या. नवे साहेब येऊन सहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना नवेच म्हणत. ते आले तेव्हा कंपनीकडे तीन फंड होते. आता एक्केचाळीस होते, आणि मधल्या मध्ये जन्माला येऊन मेलेले सव्वीस वेगळे.

ताई इथे लागल्या त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हा दोन खोल्या होत्या आणि बाहेर एक लाकडी बाक. त्या बाकावर लोक पासबुकं मांडीवर घेऊन बसायचे, आणि थोरले मालक स्वतः दार उघडून एकेकाला आत बोलवायचे. आणखी एखादा फंड काढा म्हणून कुणी मागे लागलं की मालक विचारायचे, "कुणाला हवाय? त्याला आणून माझ्यासमोर बसवा." तसं कुणी कधी आणून बसवलं नाही, आणि मालक होते तोवर चौथा फंड निघाला नाही.

आताचे फंड म्हणजे ईटीएफ. एक विषय घ्यायचा, त्या विषयातल्या तीस कंपन्यांचे शेअर एका टोपलीत भरायचे आणि त्या टोपलीचे तुकडे बाजारात शेअरसारखे विकायचे. मुळात यात वाईट काही नव्हतं. सगळ्या बाजाराची एक मोठी टोपली घेऊन ठेवली तर साध्या माणसाचं भलंच व्हायचं. पण तसल्या टोपलीत कंपनीला फारसं सुटत नसे, आणि ती प्रत्येकाच्याच दुकानात होती. म्हणून मग बारीकसारीक टोपल्यांचं पेव फुटलं. कुत्र्यामांजरांचा फंड. बांबूचा फंड. घरी बसून काम करणाऱ्यांचा फंड. अंतराळात सहलीला जाणाऱ्यांचा फंड, ज्यांच्यापैकी गेलेले बोटांवर मोजण्याइतकेच होते. फंड निघाला की त्याच्या नावाचे कप छापून यायचे, आणि फंड मेला की ते कप चहाच्या खोलीत जायचे. तिथल्या मावशी त्यातूनच सगळ्यांना चहा द्यायच्या. "आज तुम्हाला बांबू," म्हणायच्या, आणि कप पुढे करायच्या.

झोपेचा फंड काढताना तीस कंपन्या काही केल्या जमेनात. यादी करणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात टोपलीवाले म्हणत. गाद्यांच्या दोन, झोपेच्या गोळ्यांच्या चार, उशांची एक, जाड पडद्यांची एक आणि घोरणं थांबवणाऱ्या यंत्राची एक, अशा नऊ कंपन्या त्यांनी खरोखरच्या शोधल्या. मग हॉटेलं घातली, कारण हॉटेलात पलंग असतात. विमान कंपन्या घातल्या, कारण लोक विमानात झोपतात. शेवटी एक जागा उरली तिथे त्यांनी कॉफीची कंपनी बसवली.

"अहो, कॉफी?" ताईंनी तेव्हा विचारलं होतं.

"झोपेशी संबंध तर आहे ना, ताई? उडवते की!"

सगळे हसले होते. ताईही हसल्या होत्या. मग टोपलीवाल्यांनी मागच्या दहा वर्षांचा आलेख काढला. फंड तेव्हा नव्हता, पण असता तर कसा वाढला असता याचा. आधीच वर गेलेल्या कंपन्या निवडायच्या आणि मग त्या वर गेल्या म्हणून दाखवायचं. आलेख जिन्यासारखा चढत गेला होता. फंड निघाला त्या दिवसापासून तो उतरायला लागला.

"आता चांगली बातमी," नवे साहेब हात झटकत म्हणाले. "आपण नवा काढतोय. मनःशांती! लोक किती दमलेत बघा. आज मनःशांती सगळ्यांना हवी आहे."

यादी फिरत फिरत ताईंपर्यंत आली. त्यांनी चष्मा लावून वाचली. गाद्या, गोळ्या, उशा, पडदे, हॉटेलं, विमानं. एकोणतीस कंपन्या जशाच्या तशा. फक्त कॉफी काढून चहा घातला होता.

"ही तर झोपेचीच यादी आहे," ताई म्हणाल्या.

"वरचं नाव बदललंय की," टोपलीवाले म्हणाले, आणि या वेळी ते हसलेसुद्धा नाहीत.

ताईंना शिळ्या अन्नाचा डबा उघडल्यासारखं झालं. पण साहेबांचं पुढचं बोलणं अजून यायचं होतं.

"धारक आहेत दोनशे चौदा. सगळ्यांना पत्रं गेलीत. शुक्रवारपर्यंत ज्यांचा नकार सहीनिशी येणार नाही, त्यांची संमती आहे असं धरायचं आणि त्यांना मनःशांतीत घालायचं. म्हणजे नवा फंड पहिल्याच दिवशी दोनशे माणसं घेऊन उभा! एकेकाला फोन केल्याची नोंद मात्र लागते. ताई, तुम्ही करा. तुमचा आवाज लोकांना घरचा वाटतो. पैसे काढा म्हणायचं नाही, काढू नका असंही म्हणायचं नाही. फक्त म्हणायचं, तुम्हाला काही करायची गरज नाही."

"आणि कुणी विचारलं, पैसे किती उरलेत?"

"पत्रात आहे म्हणायचं."

पत्रात होतं. चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

ताई धारकांची यादी घेऊन आपल्या टेबलाशी आल्या. पहिलं नाव चहाच्या मावशींच्या लेकीचं. दुसरं ड्रायव्हरच्या बायकोचं. तिसरं टोपलीवाल्यांच्या सासूबाईंचं. मग हिशेबनीस बाईंच्या आत्या, त्यांचे यजमान, त्यांचे दोन भाचे. ताई बोट ठेवून खाली खाली जात राहिल्या.

फंड निघाला तेव्हा माणसं मिळत नव्हती म्हणून साहेबांनी फर्मान काढलं होतं, प्रत्येकाने दहा आणायचे. ऑफिसात एकवीस माणसं. दोनशे दहा ते, आणि आपणहून आलेले चार. त्या चौघांचंच ताईंना नवल वाटलं. बाकी बाहेरच्या जगाने हा फंड कधी घेतलाच नव्हता. तो या चार भिंतींतल्या लोकांच्या आयाबहिणींच्या, सासवांच्या, शेजारणींच्या पैशावर तग धरून होता, आणि आता त्याच माणसांना दुसऱ्या नावाने पुन्हा त्याच टोपलीत कोंबायचं होतं. त्यांना न विचारता. त्यांच्या गप्प बसण्यालाच सही समजून.

यादीच्या मधोमध ताईंचे दहा होते. एका रविवारी दुपारी बसून त्यांनी ते फोनवर गोळा केले होते आणि सोमवारी साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर एक उशी भेट दिली होती, फंडाचं नाव शिवलेली. चांगली मऊ होती. ताई अजून ती डोक्याखाली घेत होत्या. आता ते आठवून त्यांच्या मानेवर काटा आला. साहेबांची किळस वाटणं सोपं होतं. ही किळस त्या माणसावर थांबत नव्हती, अंगावर चढत होती.

दहांत पहिलं नाव थोरल्या जाऊबाईंचं होतं.

थोरले दीर शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर जाऊबाईंनी गाळा विकला आणि ते पैसे गुडघ्यांसाठी ठेवले. राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अलीकडे त्या जिना बसून उतरायच्या, एकेका पायरीवर. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा जाऊबाईंनी फंडाचे तुकडे विकायला काढले. चार दिवस बाजारात कुणी घेणाराच आला नाही. पाचव्या दिवशी एकाने मागितले ते मातीमोल. "थांबा थोडं," ताई म्हणाल्या होत्या. जाऊबाई थांबल्या. तारीख गेली.

ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नकाराचा फॉर्म पर्समध्ये घातला आणि निघाल्या.

"दार उघडंच आहे गं," आतून आवाज आला. जाऊबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. "भर दुपारी कशी उगवलीस? ऑफिसने हाकललं की काय?"

"अजून नाही. ते पत्र आलं ना तुम्हाला?"

"आलं की. काय गुळगुळीत कागद! मी त्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्यात. तसंही काही करायची गरज नाही असं पहिल्याच ओळीत म्हटलंय."

"करायची गरज आहे. इथे सही करा. पैसे काढून घ्या."

जाऊबाईंनी फॉर्म हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "किती येतील?"

"दहा लाखांतले साडेसहा."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं. जाऊबाई ते संपेपर्यंत थांबल्या.

"मग नको," त्या म्हणाल्या. "आता काढले तर साडेतीन गेले म्हणायचं. तिकडे नव्या फंडात घातले तर आहेत म्हणता येतं. आणि तू आहेस ना तिथे? तू लक्ष ठेवशील."

"तो नवा नाही हो. तीच टोपली आहे, नाव बदललंय."

"म्हणून काय झालं? एवढ्या मोठ्या कंपनीने काहीतरी विचार केलाच असेल ना. मी म्हातारी, मला त्यातलं काय कळतंय!"

"कुणी काही विचार केलेला नाही, जाऊबाई! तिथे बसून बिस्किटं खाल्ली फक्त."

"अगं, ओरडतेस काय?"

ताई खाली बघत राहिल्या. स्टुलावरचे ते गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. याच्या पुढे एकच गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय जाऊबाई सही करणार नव्हत्या.

"मी तुम्हाला फंड घ्यायला सांगितला," त्या म्हणाल्या, "तो चांगला आहे म्हणून नव्हे. मला तो कसा आहे हे माहीतच नव्हतं. म्हणजे, माहीत होतं. त्यात कॉफी घातली तेव्हा मी तिथेच बसले होते. आम्हाला प्रत्येकाला दहा माणसं आणायला सांगितली होती. फंडाला माणसं आहेत असं दिसायला हवं म्हणून. मी दहा आणली."

जाऊबाईंनी फॉर्म मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दहातली मी कितवी?"

"पहिली."

"का?"

"तुम्ही नाही म्हणणार नाही, हे माहीत होतं."

"हं." जाऊबाईंनी स्टुलावरून एक पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, मग दुसरा. "तुझे दीर काय म्हणायचे माहीत आहे? म्हणायचे, धाकटीला पैशातलं कळतं, ती मोठ्या ठिकाणी आहे. दुकानात येईल त्याला सांगायचे. समोरचा सुईत दोरा ओवत बसलेला असायचा, तरी सांगायचे." त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

ताईंनी पेन दिलं. जाऊबाईंनी सही केली, ठळक, पूर्ण नावाची, आणि कागद ताईंच्या अंगावर टाकल्यासारखा दिला.

"साडेसहात एक गुडघा होईल. उजवा करू की डावा? तूच सांग. तुला माणसं निवडायची सवय आहे, गुडघाही निवडशील."

"माझे थोडे आहेत साठलेले. ते मी—"

"तुझे मला नकोत. तुझे घेतले की तू सुटलीस. एवढ्या स्वस्तात नाही सोडणार मी तुला." जाऊबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता. "बाकीच्या नऊ जणांना सांगितलंस?"

"नाही अजून. आधी तुमच्याकडे आले."

"इथेही मीच पहिली! बरं. फोन आहे ना जवळ? इथूनच कर."

"इथून?"

"माझ्यासमोर. घरी जाऊन करशील तर गोड करून सांगशील. मी ओळखते तुला. लाव."

ताईंनी पर्समधून यादी काढली. त्यांच्या दहांतलं दुसरं नाव शेजारच्या इमारतीतल्या शिंपीणबाईंचं होतं, ज्यांनी ताईंच्या सगळ्या साड्यांचे फॉल लावले होते. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"ताई!" पलीकडून आनंदाचा आवाज आला. "किती दिवसांनी! काय, नवीन काही निघालंय का तुमच्याकडे?"

"नाही. म्हणजे, निघालंय, पण ते घेऊ नका. मागचा तो झोपेचा फंड होता ना, तो बंद होतोय. तुम्ही पैसे काढून घ्या. मी फॉर्म आणून देते. मूळ रकमेइतके मिळणार नाहीत. त्याचं असं झालं, की ऑफिसने आम्हाला तेव्हा—"

"ऑफिसने नाही," जाऊबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मी म्हण."

"कोण आहे हो तिथे?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"माझ्या जाऊबाई आहेत." ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. जाऊबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, पापणी न हलवता.

"मी तुम्हाला फसवलं," ताई म्हणाल्या. "ऐका, सगळं सांगते. मध्ये फोन ठेवू नका."