पाण्याची ओटी

नाशिकबाहेरच्या चौदा वसाहतींना पाणी पुरवणाऱ्या केंद्रात २००३ साली संगणक आला, तेव्हा धम्मपाल साळवे यांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीतली दोन कामे संपली. एक, नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकून रंग पाहणे: पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे, न झाले तर नाही. दुसरे, क्लोरीनची झडप हाताने सोडणे. यापुढे मात्रा संगणक ठरवणार होता. झडपेला सील लागले आणि परिपत्रक आले की मानवी हस्तक्षेप हाच सर्व प्रमादांचा उगम होय. ते लिहिणारे बहुधा मानव नसावेत.

संगणकातली ऑपरेटिंग सिस्टीम नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका दुकानातून आणलेली नकली प्रत होती. तिच्यातली भोके बुजवण्याचा खर्च कोणत्याही लेखाशीर्षात बसला नाही. दसऱ्याच्या हाराचा बसला.

पुढच्या जानेवारीत उपअभियंता शेवाळे यांनी त्याच यंत्रावर पत्रिका जुळवण्याची सीडी चालवली. त्यांच्या मुलीचे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. सीडीतला व्हायरसही यंत्राशी उत्तम जुळला. त्या दिवसापासून यंत्र मधूनच बंद पडे आणि आपोआप पुन्हा सुरू होई. दर वेळी पडद्यावर क्लोरीनचा जुनाच आकडा उमटे: ०.५०. क्लोरीनच्या पंपाला मात्र आज्ञा पोहोचतच नसे. वसाहतींतून पाण्याच्या वासाच्या तक्रारी थांबल्या आणि त्याचे श्रेय संगणकाला मिळाले.

त्याच सुमारास धम्मपालांची मुलगी साक्षी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा संपत आला होता. वासांनी ती हैराण व्हायची. पण यंत्र बिघडल्यापासून नवव्या दिवशी तांब्या खाली ठेवत म्हणाली, "बाबा, तुमचं पाणी या खेपेला गोड लागतंय हं. औषधाचा वासच नाही."

धम्मपाल हसले. मग हसू थांबले. ते उठले, फळीवरून जुनी ओटीची बाटली काढली, काचनळीत पाणी धरले, थेंब टाकले.

"घ्या!" त्यांची बायको मालनबाई म्हणाल्या. "पोरीची ओटी भरायची सोडून हे पाण्याची ओटी बघत बसलेत."

पाणी होते तसेच राहिले. धम्मपालांनी नळी खिडकीकडे धरली, दुसऱ्यांदा थेंब टाकले, तिसऱ्यांदा टाकले.

"आजपासून पाणी उकळून दे तिला," ते म्हणाले.

केंद्रात शेवाळे साहेबांनी नळीकडे पाहिलेही नाही. पडद्याकडे बोट केले. "काय लिहिलंय?"

"पॉइंट पाच, साहेब. पण ओटीला रंग येत नाही."

"बाटली केव्हाची आहे?"

"गेल्या वर्षीची."

"मग बाटली शिळी असेल. कॉम्प्युटर शिळा होतो का?"

"साहेब, ती सीडी लावल्यापासून हा सारखा बंद पडतोय."

"पत्रिकेवर घसरू नका, साळवे. तुमच्यात बघत नाहीत, म्हणून आम्ही बघायची नाही?"

"बघा ना साहेब. घरी बघा."

त्या दुपारी धम्मपालांनी सील तोडले आणि झडप सोडली. तासाभराने केंद्रातल्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले. पिवळा रंग आला. चार दिवसांनी त्यांना मेमो आला: शासकीय मालमत्तेची मोडतोड. वसाहतीत त्यांनी दारोदार सांगितले की पाणी उकळून प्या. लोक म्हणाले, इतकं गोड होतं, तुम्हीच बिघडवलंत.

कावीळ अंगात महिनाभर दबून बसते. फेब्रुवारीच्या शेवटी वसाहतींतून रुग्ण येऊ लागले. बहुतेक जण बरे झाले. गरोदर बाईला ही कावीळ पुष्कळदा सोडत नाही, असे डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी साक्षीची पापणी वर केली. धम्मपालांना ओटीच्या पेटीतला रंगांचा तक्ता पाठ होता. इतका गडद पिवळा त्यावर नव्हता. रविवारी पहाटे ती गेली. मूलही गेले.

चौकशी समिती बुधवारी बसली. संगणक तोवर पुसून नव्याने भरला होता. जुन्या नोंदींचा छापील कागद तेवढा उरला होता आणि त्यावर सलग नऊ दिवस ०.५० होते. एकाही सभासदाला हे संशयास्पद वाटले नाही. नऊ दिवस न बदलणारी नाडी पाहूनही त्यांनी प्रकृती उत्तम असाच निर्वाळा दिला असता. दप्तरात अनियमितता एकच सापडली: तुटलेले सील.

"पाण्यात क्लोरीन नव्हतं असं तुम्ही म्हणता," अध्यक्ष म्हणाले. "त्या नऊ दिवसांतल्या पाण्याचा एखादा नमुना आहे का तुमच्याकडे?"



"एक होता, साहेब," धम्मपाल म्हणाले. "रविवारी अमरधामात जाळला."

लिपिकाने वर पाहिले. अध्यक्षांनी मान हलवली, तसे त्याने लिहिले: नमुना उपलब्ध नाही.