वजा एक इंच

मी एक जुना टेप आहे. मापाचा, पोलादी, पाच मीटरचा, एके काळी पिवळा. आमच्या कंपनीने एका स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड एक इंच आखूड कापून आणला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगता येणार नाही. मित्रांनो, तसं काही झालेलं नाही. आमच्या कंपनीत आजवर एकही माप चुकलेलं नाही. कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगा. कुणी विचारलंच नाही तर मात्र सावध राहा. न विचारणारा माणूस कुठून तरी ऐकून आलेला असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखे चारशे भाऊ एकाच दिवशी तयार झाले. आमची मापं तपासायला एक माणूस होता. त्याच्या हातात एक लांब पट्टी होती आणि तिच्याशी लावून तो आम्हाला पास करायचा. त्या पट्टीला कुणी पास केलं होतं, हे मला विचारता आलं नाही. तो संशय मनात घेऊनच मी खोक्यात शिरलो.

मला एका गवंड्याने विकत घेतलं. दुकानात त्याने मला तीनदा बाहेर खेचून सोडलं. मी सर्रकन आत गेलो तेव्हा तो म्हणाला, "जीभ बरी आहे याची." त्या काळात मी खूप काम केलं. पाया मोजला, भिंती मोजल्या, जिने मोजले. गवंडी वर्षातून एकदा आपल्या मुलालाही दाराच्या चौकटीला टेकवून उभा करायचा आणि माझ्याकडून त्याची उंची मोजून पेन्सिलीची रेघ मारायचा. एका वर्षी मुलाने टाचा उचलल्या. मी अर्धा इंच जास्त दाखवला आणि गप्प बसलो. माझ्या हातून झालेली ती एकमेव लबाडी.

मुलगा मोठा होऊन सुतार झाला. त्याचं लग्न झालं आणि घरात सून आली. तीच पुढे आमची मालकीणबाई झाली. तेव्हा मात्र ती नवी होती. लग्नाला तीन महिने झाले असतील. सासऱ्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सूनबाई, हा टेप म्हणजे आपली इज्जत. दिवसभर तुझ्याकडे ठेव." त्याच दुपारी एका रिकाम्या घरात रंगाच्या डब्याचं झाकण निघेना. जवळ पेचकस नव्हता. इज्जत होती.

कट्ट असा आवाज झाला. माझा पहिला इंच, टोकाच्या हुकासकट, तुटून खाली पडला. झाकण मात्र निघालं.

तिने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग मला स्वच्छ रुमालात गुंडाळून सासऱ्यांच्या पिशवीत ठेवलं. संध्याकाळी नवऱ्याने मला पिशवीतून काढलं आणि इंच नसल्याचं उघडकीस आलं. तेव्हा "अगं बाई" म्हणणाऱ्यांत तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. टेप मुलाच्या हातात होता, म्हणून बापाला मुलाचा संशय आला. टेप बापाच्या पिशवीतून निघाला होता, म्हणून मुलाला बापाचा संशय आला. रुमालात गुंडाळण्याइतकी काळजी घेणाऱ्या सुनेचा संशय कुणालाच आला नाही. मोडणारा माणूस रुमाल वापरेल कशाला?

नवा टेप आणला नाही असं नाही. आणला. पण तोवर सगळ्यांच्या हाताला माझी सवय लागली होती. माझी सुरुवातच एकपासून होत असल्यामुळे मी दाखवलेल्या मापातून एक इंच वजा करावा लागे. नव्या टेपच्या मापातूनही सवयीने तो वजा झाला आणि एक दार चौकटीत सैल बसलं. नवा टेप खोटा ठरला. त्याला अडगळीत टाकून मला परत बोलावण्यात आलं.

मित्रांनो, चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मालकीणबाईच्या मनात तर भरदुपारी असायचं. धंदा तिच्याकडे आला तेव्हा तिने पहिला नियम केला तो असा. कुठलंही माप दोघांनी घ्यायचं, एकदा सासऱ्यांनी आणि एकदा नवऱ्याने. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत आपापली चिठ्ठी लिहायची. टेप दाखवेल तेवढंच लिहायचं, वजा काही करायचं नाही. चिठ्ठ्या बाई उघडणार, जुळल्या तर एक इंच तीच वजा करणार आणि मग काम सुरू होणार. बाप-लेकांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यामुळे ते एकमेकांना विचारतील ही भीतीच नव्हती. नियम दहा वर्षं चालला आणि भिंती सरळ आल्या.

धंदा वाढला. बाईचा स्वभाव संशयी आणि काम चोख. "होऊन जाईल" असं ती गिऱ्हाइकाला कधी म्हणाली नाही. तारीख सांगायची, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी स्वतःवरच संशय घेऊन सगळे नळ उघडून बघायची. फरशी झाकल्याशिवाय कुणी हातोडी उचलायची नाही. निघताना आपला राडारोडा आपण न्यायचा. लोकांनी घरं बांधून घेतली, जुनी घरं नवी करून घेतली, आणि पाहुण्यांना आमचा फोन नंबर दिला.

एकच गोष्ट मला खटकायची. रंगाचा डबा उघडायचा झाला की बाई सगळ्यांकडे पाठ करायची. दोन सेकंदांत झाकण निघायचं आणि तिच्या हातात कधीही काहीही दिसायचं नाही. कामगार कौतुक करायचे. मी करत नव्हतो.

मग चाळीस घरांच्या एका इमारतीचं काम आलं. सगळी स्वयंपाकघरं नवी करायची होती. इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी अट घातली. आधी त्यांच्या घरातलं एक करून दाखवायचं. पसंत पडलं तर उरलेली एकोणचाळीस आपली, नाहीतर नमस्कार. एवढं मोठं काम आम्हाला आधी मिळालं नव्हतं. ते हातचं गेलं असतं तर कंपनी पुन्हा झाकणं आणि झडपा बसवत फिरली असती.

त्या दिवशी ओट्याची भिंत नवऱ्याने मोजली. त्याने आकडा पाहिला आणि पुटपुटला, "एकोणऐंशी. हिच्या डोक्यात सध्या चाळीस घरं फिरतायत. वजा करायला विसरेल. आपणच करून टाकू." चिठ्ठीवर त्याने अठ्ठ्याहत्तर लिहिले. अर्ध्या तासाने सासऱ्यांनी तीच भिंत मोजली. त्यांनीही पुटपुटत डोकं खाजवलं. "पोरगी दमलीय. विसरली तर नाक कापलं जाईल." त्यांनीही अठ्ठ्याहत्तर लिहिले.

मी दोन्ही ऐकलं. मला तोंड नाही, फक्त जीभ आहे.

बाईने चिठ्ठ्या उघडल्या. जुळल्या. ती विसरली नाही. तिने एक वजा करून दगडवाल्याला सत्त्याहत्तर कळवले.

दगड बसवला आणि भिंतीच्या कडेला फट राहिली. तिघं तिच्याकडे बघत उभे राहिले. सेक्रेटरीबाई अर्ध्या तासात येणार होत्या.

"बाबा, तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलंत?" बाईने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. वजा करून."

"तुम्ही कशाला वजा केलंत? मी केलं होतं ना," नवरा म्हणाला.

"तू? तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणजे तुम्हा दोघांनाही वाटलं मी विसरेन," बाई म्हणाली. अकरा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि ते असं.

"हे सगळं या तुटक्या टेपपायी," नवरा म्हणाला. "तुम्ही तो मोडलात आणि भोगतोय मी."

"मी मोडला? मोडलास तू."

"मोडलेला निघाला तुमच्या पिशवीतून."

"म्हणजे मी खोटारडा?"

"मी तसं म्हटलं नाही. मापाने तसं येतंय."

सासरे खाली बसले. नवऱ्याने रंधा उचलून पिशवीत टाकला. "उद्यापासून माझं मी बघतो. माझी माणसं, माझं काम. आणि माझा टेप." तो हे ओरडून म्हणाला असता तर मी घाबरलो नसतो. तो पिशवीची चेन नीट लावत म्हणाला.

तेव्हा बाईने चष्म्याचं घर उघडलं. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. घरातून माझा इंच निघाला. त्याच्यावर रंगाचे किती थर चढले होते कुणास ठाऊक. हूक वाकडा झाला होता. तरी मी ओळखला. रक्ताचं नातं आहे. एकीकडे बरंही वाटलं, आणि दुसरीकडे कळलं की मी पिशवीत झिजत होतो तेव्हा हा अकरा वर्षं मखमलीवर झोपत होता.

तिने तो फटीत आडवा धरला. बरोब्बर बसला.

"मी मोडला, बाबा. डबा उघडताना."

मग सासऱ्यांनी विचारलं, "डबा उघडला का?"

"उघडला."

"रंग?"

"पांढरा."

"हं," सासरे म्हणाले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "अकरा वर्षं मी तुला खोटा समजत होतो. तशी तुला सवय होती म्हणा. लहानपणी तू टाचा उचलल्या होत्यास."

नवऱ्याचा हात पिशवीवर थांबला. "तुम्हाला कळलं होतं?"

"गवंडी आहे मी. सरळ काय अन् वाकडं काय, कळत नाही का मला?"

"मग रेघ तिथे का मारलीत?"

"तुला उंच व्हायचं होतं ना," सासरे म्हणाले.

नवऱ्याने पिशवीची चेन उघडली, रंधा काढला आणि सागवानाचा एक तुकडा घेऊन एक इंच जाडीची पट्टी तासायला बसला. पट्टी मोजून झाली. बापाने धरली, लेकाने त्या तुटक्या इंचानेच मोजली. आकडा मोठ्याने सांगितला आणि कुणी काहीही वजा केलं नाही.

पट्टी बसते न बसते तोच सेक्रेटरीबाई आल्या. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला आणि पट्टीपाशी थांबल्या. "हे लाकूड कशाला?"

"आमचं माप चुकलं," बाई म्हणाली. "दगड एक इंच कमी आला. नवा हवा असेल तर आठ दिवसांत आणून बसवते."

सेक्रेटरीबाईंनी डोळे बारीक केले. "इतक्या वर्षांत मला कुठल्याही कारागिराने चूक सांगितलेली नाही. तुम्ही सांगताय. मग लपवताय काय?"

त्यांनी नळ तपासले, कप्पे तपासले, ओट्याखाली आडवं पडून टॉर्च मारला. दोन तास काही सापडलं नाही. त्याने त्यांचा संशय आणखी वाढला. "काम तुम्हालाच," त्या शेवटी म्हणाल्या. "नजरेसमोर तरी राहाल. पण नमुन्यासारखंच हवं. पट्टीसकट. आणि चूक झाली असं कुणापाशी बोलायचं नाही. माझं घर चुकीवरून बेतलंय असं इमारतीत झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

त्यामुळे एकोणचाळीस ओटे आम्ही मुद्दाम एक इंच आखूड कापले. मापं अचूक आली. आणि मित्रांनो, पहिली चूक झालीच नाही, ती अशी.

आता मी कंपनीच्या ऑफिसात खिळ्यावर असतो. माझ्या जागी एक यंत्र आलं आहे. ते भिंतीवर लाल ठिपका टाकतं आणि आकडा सांगतं. मधलं अंतर कुणीही जाऊन पाहिलेलं नसतं. मला ते पटत नाही. बाप-लेक मात्र आता आकडा एकमेकांना मोठ्याने सांगतात, आणि सासरे जाता-येता माझ्यावरची धूळ बोटाने पुसतात. बाई आता डबा सगळ्यांसमोर उघडते. कशाने, ते तुम्हाला माहीत आहे.

मित्रांनो, ज्या हत्याराचं जे काम आहे तेच त्याच्याकडून करून घ्या. आणि मोडलं तर त्याच संध्याकाळी सांगा. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी खालीलप्रमाणे.

प्रति, मालकीणबाई. विषय: इंच क्रमांक एक यास मूळ जागी परत रुजू करून घेणेबाबत. महोदया, उपरोक्त इंच गेली अनेक वर्षे रंगाचे डबे उघडण्याच्या कामी, अर्जदाराच्या संमतीशिवाय, वापरात आहे. तरी त्यास तात्काळ कार्यमुक्त करून, रंगाचे थर खरवडून, अर्जदारास सन्मानाने जोडून द्यावे, व मधल्या काळात त्यास मिळालेल्या मखमलीचा लाभ अर्जदारासही मागील तारखेपासून देण्यात यावा, ही नम्र विनंती. कळावे. आपला विश्वासू (हा शब्द नमुन्यात छापलेला आहे, माझा नाही), टेप, इंच दोनपासून पुढे.