गुरुवारी फोन कोण उचलणार?

"सर्व्हर? त्याचं नावच काढू नगंस!" दौलतराव कडाडले आणि विजयश्रीला मनातल्या मनात हसू आलं. शेठ चिडले म्हणजे काम होण्यासारखं आहे. व्हायचं नसेल तेव्हा ते चहा मागवतात आणि विषय बदलतात.

भोसरीतल्या त्यांच्या कंपनीत घरगुती कॉम्प्युटर जुळवत. पूर्वी सर्व्हरही करत, म्हणजे अख्खा कारखाना ज्याच्या जिवावर चालतो ते मशीन. ते जुळवायची विजयश्री. परभणीहून आलेली, पण हात असा की एक स्क्रू ढिला राहील तर शपथ! मग एका गुरुवारी चाकणच्या गिऱ्हाइकाचा सर्व्हर बंद पडला. गुरुवारी भोसरीला सुट्टी, कंपनीला कुलूप. तिकडं कारखाना दिवसभर ठप्प. शेठनी सर्व्हरचं नावच टाकलं. तेव्हापासून बारा वर्षं ही बाई पोरांच्या गेमची मशीनं जुळवत होती. पोटापाण्याला ठीक हो, पण जीव कुठं रमायला!

आता चाकणच्याच दुसऱ्या एका कारखान्याला सहा सर्व्हर हवे होते. आज होकार गेला नाही तर ते काम बंगळूरला जाणार होतं.

"मशीन दगा देतंय गं," शेठ म्हणाले.

"मशीननं कुठं दिला? नुसता आतला पॉवर सप्लायचा डबा जळाला होता. जादा डबा त्यांच्याच कपाटात होता. फोनवर सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम."

"व्हय, पर गुरुवारी यील कोन? देहूला जायचं, दळण, लग्नकार्य, समदं गुरुवारीच आसतंय."

"पाळ्या लावल्यात. मी, आणि जुळणीवरच्या प्रभावती, दिव्या. आमची सुट्टी दुसऱ्या दिवशी."

"आन फोन?"

"तो तुमच्याकडं. त्या दिवशी त्यांनी बावीस वेळा तुम्हालाच लावला होता, शेठ."

बारा वर्षांत हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं. पण विजयश्री तसूभर हलली नाही. खरं ते खरं, त्यात भ्यायचं काय?

शेठनी चष्मा काढला. "उशाशीच वाजत हुता गं. म्हनलं सुट्टी हाय, वाजू दे."

त्यांनी चाकणला पाठवायचं होकाराचं पत्र पुढ्यात ओढलं, सही ठोकली आणि सहीखाली ठसठशीत अक्षरात स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला.