सुरक्षेचा तिसरा प्रश्न

वडील बँकेत सह्या तपासत. चौतीस वर्षं. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी शेजारी धरायची आणि दोन्हींत लबाड कोण ते ठरवायचं. हे काम माणसाला संध्याकाळी डब्यासारखं धुऊन पालथं घालता येत नाही. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर बायकोनं केलेली सही ते भिंगाखाली धरत आणि विचारत, "ही तुझीच का?" ती म्हणायची, "मी तरी माझीच आहे का, ते बघा एकदा." पुढे ती वारली. मृत्यूच्या दाखल्यावरची डॉक्टरची सहीसुद्धा त्यांनी दोनदा पाहिली.

मुलांना ते कधी नावानं हाक मारत नसत. नावं खिडकीतून बाहेर जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. थोरला, मधली, शेंडेफळ. घरात तीन अपत्यं आहेत यापलीकडे शेजाऱ्यांना काही कळायचं कारण नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांच्या हाती लॅपटॉप आला आणि संशयाला पहिल्यांदाच पुरेसं मोठं मैदान मिळालं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक जखमेवर लावायची पट्टी. पत्त्याच्या ओळीतलं कुलपाचं चिन्ह बघितल्याशिवाय ते हवामानही वाचत नसत. प्रत्येक साइट कुकीजची परवानगी मागायची आणि ते 'सर्व नाकारा' दाबायचे. इतक्या समाधानानं, की पेन्शनीतलं खरं सुख तेच असावं. जन्मतारीख सगळीकडे खोटी दिली होती. त्यामुळे दरवर्षी भलत्याच महिन्यात आठ कंपन्या त्यांना दीर्घायुष्य चिंतायच्या, आणि ते खूश व्हायचे. खऱ्या वाढदिवशी कुणी शुभेच्छा दिल्या तर मात्र चेहरा पडायचा. माहिती फुटली.

त्यांचा मुख्य सिद्धांत जेवताना ऐकवला जायचा. पासवर्ड विसरला तर साइट सुरक्षेचे प्रश्न विचारते. तिथं खरं उत्तर देणारा मूर्ख. "खरं उत्तर जगाला माहीत असतं. खोटं फक्त आपल्यालाच." मग घास गिळून, "आणि खोटं कसं हवं? लक्षात राहील असं. खऱ्याच्या बरोब्बर उलटं. म्हणजे पाठ करावं लागत नाही."

हे ऐकायला शेवटची अकरा वर्षं समोर फक्त मधली असायची. थोरला दुसऱ्या शहरात एका कंपनीत माणसं कामावर घ्यायचा आणि काढायचा. शेंडेफळ न्हाणीघराचे नळ विकायचं आणि महिन्यातून एकदा फोनवर "बाबा कसे आहेत?" असं मधलीला विचारायचं; बाबांना नाही. मधली एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. वडिलांचा डावा हात लुळा पडला तेव्हा तिनं नोकरी सोडली. भाऊ म्हणाले, तात्पुरती. मग ती त्यांची नखं कापू लागली, पाठ चोळू लागली, आणि त्यांनी नाकारलेल्या कुकीजची मोजदाद ऐकू लागली. शेवटच्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीवर त्यांनी जन्मतारीख विचारल्याबरोबर खोटी सांगितली. मधलीनं खरी तारीख घालून केलेली जुनी फाइल जुळेना. चाळीस मिनिटं मधली खिडकीतल्या बाईला समजावत होती. स्ट्रेचरवरून वडील म्हणाले, "जुळत नाही ना? शाब्बास." हे त्यांचं तिच्याशी शेवटचं बोलणं. तेही तिला होतं की यंत्रणेला, ते स्पष्ट नाही.

एक गोष्ट मात्र ते वारंवार सांगून गेले होते. "तुम्हा तिघांविषयी मला काय वाटतं ते मेलमध्ये लिहून ठेवलंय. मी गेल्यावर वाचा. आधी वाचलंत तर भांडाल." मधलीनं अकरा वर्षं त्यांच्या तोंडून एक बरा शब्द मागितला नाही तो याच पत्राच्या भरवशावर. आपल्या नावापुढे एक ओळ असेल. लांबलचक नको. एक.

वडील गेल्याच्या पाचव्या दिवशी, सकाळी अकराला, तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. थोरल्यानं 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. पडद्यावर लिहून आलं: तीन प्रश्न, प्रत्येकाला तीन संधी, त्यानंतर खातं कायमचं बंद.

पहिला प्रश्न. तुमचा पहिला पाळीव प्राणी?

"आपल्याकडे कुठला प्राणी?" शेंडेफळ म्हणालं. "मला कुत्रा हवा होता तर बाबांनी आधी त्याचे कागद मागितले."

"पोपट," मधली म्हणाली.

"पोपट कधी होता?"

"कधीच नव्हता. बाबांना पोपट सहन होत नसे. घरातलं बाहेर बोलतो म्हणून."

तिनं टाइप केलं. हिरवी खूण आली.

दुसरा प्रश्न. आवडती भाजी? थोरला म्हणाला, बटाटा. शेंडेफळ म्हणालं, भेंडी. मधलीनं न विचारता 'कारलं' लिहिलं. कारल्याची भाजी झाली की वडील खिडक्या उघडायचे. एरवी त्या कधी उघडत नसत. हिरवी खूण.

"वा गं," थोरला म्हणाला. "तुला तर बँकेतच घ्यायला हवं होतं."

तिसरा प्रश्न साइटनं दिलेला नव्हता. 'स्वतःचा प्रश्न तयार करा' ही सोय वडिलांनी वापरली होती. सर्वात लाडकं अपत्य?

तिघांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग थोरल्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"नाही, म्हणजे, उगाच वेळ कशाला घालवायचा," असं म्हणून त्यानं 'थोरला' लिहिलं.

लाल फुली.

"दादा, राग मानू नकोस," शेंडेफळानं लॅपटॉप आपल्याकडे वळवला, "पण धाकट्यावर जीव असतोच. जगात कुठेही विचार." लिहिलं. लाल फुली.

एक संधी उरली. दोघं भाऊ खुर्च्यांत मागे टेकले. चाळिशीपुढच्या माणसाला बापानं नाकारलं तर तो कसा दिसतो, हे बघण्यासारखं होतं. थोरला तर त्यानंच कामावरून काढलेल्या एखाद्या माणसासारखा दिसत होता.

"म्हणजे तूच," तो मधलीला म्हणाला. "घे. लाडोबा. अकरा वर्षं पाय चेपल्याचं फळ."

"ताईनं बरोबर जम बसवला," शेंडेफळ म्हणालं.

मधली हिरव्या खुणांकडे बघत होती. पोपट. कारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "नको उघडायला."

"का? आता तर तुझीच पाळी."

"नकोच. फोटो वगैरे आहेत आपल्याकडे."

शेंडेफळानं तिच्या नजरेमागोमाग पडद्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. पोपट. कारलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू, दुरुस्त केलेल्या नळाला पाणी यावं तसा, रंग परत आला.

"दादा," तो म्हणाला. "बाबा खरं उत्तर कधी देत नसत."

थोरल्याला समजायला थोडा वेळ लागला. मोठ्या पगाराच्या माणसांना लागतो. मग तो सरळ बसला. "म्हणजे आपण दोघं चुकलो ते..."

"...ते बरंच झालं!"

दोघं हसले. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. मग मधलीकडे लक्ष गेलं आणि दोघांनी एकदम घसे खाकरले.

"अगं, तसंच असेल असं नाही," थोरला म्हणाला. त्याचा आवाज कार्यालयातला झाला होता. "एखादं उत्तर खरंही दिलं असेल त्यांनी. टाकून तर बघ. खात्री झालेली बरी."

"कुणाची?"

"सगळ्यांचीच. आणि पत्रात काय ते असेलच की. टाक, टाक."

पत्र हे मात्र खरं होतं. खोटं उत्तर एका शब्दाचं; पत्र सबंध. तिथं कुलूप नसतं, तिथं माणूस खरं लिहितो. मधलीनं बोटं कळांवर ठेवली. 'मधली' लिहिलं आणि कळ दाबली.

हिरवी खूण.

"बघ, उघडलं!" शेंडेफळ म्हणालं. एखाद्यानं बक्षीस जिंकावं, अशा आवाजात.

पत्र मसुद्यांमध्ये होतं, न पाठवलेलं, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं. विषय, 'माझ्या मागे'. थोरल्यानं मोठ्यानं वाचलं.

"मुलांनो, तुम्हा तिघांविषयी लिहायला बसलो होतो. पण विचारांती असं दिसतं, की मनातलं इंटरनेटवर ठेवणं सुरक्षित नाही. म्हणून लिहीत नाही. ज्याला त्याला प्रत्यक्ष भेटीत सांगेन."

खाली काही नव्हतं. थोरल्यानं तरी पान दोनदा खाली सरकवून पाहिलं.

"मला तर काही सांगितलं नाही," शेंडेफळ म्हणालं. "पण मी भेटतच कुठे होतो."

"माझंही तसंच," थोरला म्हणाला.

मग दोघंही पडद्याकडेच बघत राहिले. कारण प्रत्यक्ष भेट मधलीचीच होत होती. दोन वर्षं, दिवसातून तीनदा जेवताना, शिवाय आंघोळ.

"चहा टाकतो मी," थोरला उठला. त्यानं या घरात कधी चहा केला नव्हता. शेंडेफळ साखर दाखवायला मागोमाग गेलं. स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात बोलत होते. एकदा हसलेही, पण भांड्याच्या आवाजाआड. सभ्य मुलं.

पडद्यावर सूचना आली होती. खात्याच्या सुरक्षेसाठी नवा प्रश्न आणि नवं उत्तर नोंदवा.

मधलीनं 'स्वतःचा प्रश्न तयार करा' निवडलं. लिहिलं, सर्वात आवडता माणूस? उत्तराच्या चौकटीत लिहिलं, बाबा. पाठ करावं लागणार नव्हतं.

मग तिनं खात्यातून बाहेर पडून ब्राउझरचा इतिहास पुसला, झाकण बंद केलं आणि आतून आलेला चहा घेतला. साखर जास्त झाली होती. ती म्हणाली, छान झालाय.