चिंचओढ्याच्या मोरीवरून

ज्या वस्तूला आता काम उरलेले नाही, आणि म्हणूनच जिचा आदर करणे परवडते, तिला आपण वारसा म्हणतो. या व्याख्येनुसार त्या रात्री सातारा स्थानकात एक्स्प्रेसच्या शेपटीला जोडलेला डबा सर्वथा वारसा होता. सागवानी अंग, पितळी मुठी, खिडक्यांना हिरवे मखमली पडदे. दाराशेजारच्या पाटीवर कोरले होते की १९३१ साली बांधलेले हे सलून अधिकाऱ्यांना घेऊन याच मार्गावर धावत असे. एकोणीसशे सत्तरच्या आसपासपर्यंत हा मार्ग लहान रुळांचा होता आणि असला रुंद डबा त्यावर नुसता उभाही राहिला नसता, ही गोष्ट पाटी लिहिणाऱ्याच्या वाचनात आली नसावी. पण पाटी पितळेची होती, आणि पितळेला पुरावा मागण्याची आपल्याकडे रीत नाही.

बिरदेव मासाळ ती पाटी दोनदा वाचून गोंधळला. रूळ रुंद करायच्या कामावर त्याचा बाप आटपाडीकडून मेंढरे विकून आला होता आणि इथलाच झाला होता. मग हा डबा आधी कशावरून धावत होता? पण ज्या कामासाठी तो आला होता ते याहून मोठे होते, म्हणून त्याने तो प्रश्न बाजूला ठेवला.

बिरदेव चावीवाला होता. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासत, सैल झालेल्या हातोडीने ठोकत, रोज ठरलेला टप्पा पायी जायचा आणि पायीच यायचे, हे त्याने एकतीस वर्षे केले होते. त्याच्या टप्प्यात, कराडच्या अलीकडे, चिंचओढ्याची मोरी, म्हणजे रुळाखालचा छोटा पूल, होती. गेल्या दोन महिन्यांपासून त्या मोरीच्या डाव्या अंगाची माती आतल्या आत खचत होती. वरून काही दिसत नसे. खडी भरली की आठवडाभर सारे ठाकठीक, मग पुन्हा पायाखालची खडी पोकळ, ओलसर दबू लागे. त्याने मुकादमाला सांगितले. मुकादमाने वर सांगितले. वरून उत्तर आले की बघू. दुसऱ्यांदा आले की बघतो आहोत. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच लाल झेंडी धरून मालगाडी थांबवली, तेव्हा मात्र तातडीने तीन माणसे आली, नुकत्याच भरलेल्या खडीवर उभी राहिली आणि विनाकारण गाडी अडवल्याबद्दल त्याला लेखी ताकीद देऊन गेली.

अशा माणसाला निरोप येतो की मोठ्या साहेबांनी सलूनमध्ये बोलावले आहे, साताऱ्याहून सांगलीपर्यंत सोबत यायचे आहे. तो काय समजेल? बिरदेवने बायकोला, बनाबाईला, सांगितले, “मोरीचंच आसणार. साहेब सोता बघायला निगाल्यात.”

“तुला कोण सांगितलं तसं?” बनाबाईने विचारले.

“न्हाईतर मला कशाला बलिवत्याल? माजं थोबाड बघाय?”

नेमके त्यासाठीच बोलावले होते. जनसंपर्काचे काम पाहणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी त्याला दारातच अडवले, मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाल्या, “मिशा छान आहेत.” मग त्याच्या डोक्यावर एक भगवा फेटा चढला. त्याने आयुष्यात फेटा दोनदा बांधला होता, स्वतःच्या लग्नात आणि मुलीच्या. त्याने आपली डायरी काढून पुढे केली.

“मॅडम, ह्यात समदं लिवलंय. तारखा हायत.”

“वा, डायरीपण आहे! हातात राहू द्या, उघडू नका. मुखपृष्ठ दिसलं पाहिजे.”

आत गालिचा होता. त्यावर बूट घालून जावे की काढून, हे कुणी सांगेना, म्हणून एक पाय बाहेर ठेवून तो क्षणभर थांबला. डब्याच्या शेवटाला भिंतीऐवजी मोठी काच होती आणि तिच्यासमोर दोन खुर्च्या. एकीत मोठे साहेब बसले होते. त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केले.

“बसा, मासाळ. आज तुम्ही पाहुणे.”

बिरदेव खुर्चीच्या कडेवर बसला. गाडी हलली. काचेखालच्या दिव्याच्या झोतात रूळ मागे मागे पळू लागले, आणि त्याचा गोंधळ वाढला. एकतीस वर्षे रूळ त्याच्या समोरून पायाखाली आले होते, एकेक स्लीपर करून. इथे ते पायाखालून निघून दूर जात होते. आपले गाव उलट्या बाजूने पाहिल्यावर ओळखीचे घरही परके वाटावे, तसे त्याला झाले. कोरेगाव गेले ते त्याला गेल्यावर कळले.

“कसं वाटतंय?” उत्कर्षा मॅडमनी मोबाइल उभा धरून विचारले.

“मोरीचं म्हंता?”

“नाही, डब्यात बसून.”

“डबा चांगलाय. पर मॅडम, डाव्या अंगाची माती…”

“मनातलं सांगा. आज आजोबा-पणजोबांची आठवण येते का?”

“आजा मेंढरं राखायचा. त्याला रेल्वे बघून भ्या वाटायचं.”

मॅडमनी मोबाइल खाली घेतला. हे उत्तर वारशात बसणारे नव्हते.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे इथे नमूद करायला हवे. वाईट माणूस असता तर बिरदेवला वागायचे कसे ते कळले असते. साहेबांनी टेबलावर काचेचा पेला ठेवायला सांगितला, त्यात काठोकाठ पाणी भरून घेतले आणि कॅमेऱ्याला समजावले की जुने अधिकारी रुळांची परीक्षा अशीच करीत. पाणी सांडले तर त्या टप्प्याच्या माणसांची धडगत नसे, न सांडले तर रूळ निर्दोष.

बिरदेवच्या जिवात जीव आला. म्हणजे परीक्षा होतीच. बाकीचे सगळे, फेटा, मिशा, मोबाइल, मोठ्या लोकांची लहर असेल. मोरी आली की पाणी सांडेल, साहेब विचारतील, मग डायरी उघडायची. एकदा या माणसाच्या डोळ्यांदेखत पाणी सांडले की एक सही होईल आणि मोरीखाली काँक्रीट पडेल. त्याने हात मांड्यांवर घट्ट ठेवले आणि पेल्याकडे डोळे लावले.

रहिमतपूर गेले. तारगाव गेले. मसूर सुटल्यावर त्याला अंधारातही आपला मुलूख कळू लागला. वीटभट्टीचा लाल ठिपका, मग लहान पूल, त्याचा पोकळ आवाज.

“साहेब,” तो म्हणाला, “आता बगा. आलीच.”

“काय आली?”

“मोरी. पाण्याकडं बगा.”

मोरीचे पांढरे कठडे झोतात लखलखले आणि मागे गेले. पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटले, पसरले, काठाला लागून विरले. थेंबही सांडला नाही.

“उत्तम,” साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिले. “तुमचाच टप्पा ना हा? अभिनंदन.”

बिरदेव पेल्याकडे पाहतच राहिला. त्याला स्वतःलाही खुर्चीत काही जाणवले नव्हते. ना धक्का, ना हिसका. त्याला वाटले, कठडे दुसऱ्याच मोरीचे असतील. पण दुसरी पांढऱ्या कठड्यांची मोरी या टप्प्यात नव्हतीच. मग पाय खोटे बोलले? दोन महिने? ताकीद देणाऱ्यांचेच बरोबर होते की काय? म्हाताऱ्या मेंढक्याला रात्री कळपात एक मेंढरू जास्त दिसू लागते, असे त्याचा आजा सांगे. मग पोरे त्याच्या हातून काठी काढून घेतात. बिरदेवने आपल्या पावलांकडे पाहिले. गालिच्यावर ती कुणा दुसऱ्याची वाटत होती.

समोर त्याचा चहाचा कप रिकामा पडला होता. तो उठला आणि कप विसळायला निघाला. पाहुण्याने कप विसळायचा नसतो, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. रूळकामाच्या गँगच्या चहात ज्याचा कप त्याने विसळायचा असतो, हे शिकवले होते. अरुंद बोळातून तो डब्याच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरात पोहोचला. तिथे सलूनचा जुना खानसामा आप्पासाहेब फरशीवर बसून फुटलेल्या चिनीमातीचे तुकडे सुपलीत भरत होता. साऱ्या गाडीत नावाने साहेब असलेला हा एकच माणूस झाडू मारीत होता.

“कप कवा फुटला?” बिरदेवने विचारले.

“आत्ता की रं. त्या पांढऱ्या कठड्यावर. आकड्यावनं उडाला. मी सोता फळीवर डोकं आपटून घेतलं.” त्याने कपाळ दाखवले. टेंगूळ आले होते.

“तिकडं पाणीबी हाललं न्हाई.”

आप्पासाहेब हसला. “कसं हालंल? परदर्शनासाठी बैठकीकडच्या चाकांना नव्या स्प्रिंगा घातल्यात गेल्या म्हयन्यात. लोण्यावानी चालतंय. हिकडं जुन्याच हायत. सैपाकघराचा फोटू कोन काढतोय गड्या?”

बिरदेवने दाराची चौकट धरली. म्हणजे पाय खोटे नव्हते. एकाच डब्याचे एक टोक मोरीवरून तरंगत गेले होते आणि दुसरे आपटत. अहवाल तरंगणाऱ्या टोकाला लिहिला गेला होता. अहवाल बहुधा तिथेच लिहिले जातात.

तो परत गेला आणि साहेबांना सगळे सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकले.

“मासाळ, पाणी तुम्हीच बघायला सांगितलं. आपण दोघांनी बघितलं. आता तुम्ही म्हणता कप बघा.”

“साहेब, हिकडच्या स्प्रिंगा नव्या…”

“कप नीट टांगला नसेल. सांगलीला पोहोचल्यावर लेखी द्या, रीतसर, तुमच्या मुकादमामार्फत.”

“तीनदा कळिवलंय.”

“मग चौथ्यांदा लेखी द्या.”

उत्कर्षा मॅडम मात्र खुलल्या होत्या. “हे फार सुंदर आहे. जुना कामगार, फुटलेला कप… परत एकदा बोला ना, इकडे बघून.”

त्याने परत सांगितले, इकडे बघून. मॅडमनी मान डोलावली, पण माती आणि स्प्रिंगा हे शब्द गाळता येतील का, असे विचारले.

कराड आले. गाडी पाच मिनिटे थांबणार होती. पाठीमागून पाऊण तासाने दुसरी एक्स्प्रेस येणार होती, अठरा डबे भरून, आणि तिला ना गालिचा होता ना नव्या स्प्रिंगा. बिरदेव आधी स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

“आप्पासाहेब, मास्तरकडं चल. धक्का बसला म्हनून सांग. गाडीतल्या मान्सानं सांगितलं की लिवून घ्यावंच लागतंय त्येंला.”

हा नियम बिरदेवला चांगला ठाऊक होता, आणि त्याचा विनोदही. रोज पायी चालणाऱ्याने सांगितले तर ते मुकादमामार्फत वर जाते आणि वरच राहते. पण गाडीत बसून जाणाऱ्याने धक्का बसल्याचे सांगितले, की स्टेशन मास्तरला मागची गाडी थांबवून कमी वेगाने आणण्याचा लेखी हुकूम काढावाच लागतो. रूळ ज्याच्या पायाखाली असतात त्याच्यापेक्षा ते ज्याच्या बुडाखाली असतात त्याची साक्ष खात्याला अधिक विश्वासार्ह वाटते.

आप्पासाहेबाने नजर चुकवली. “माजं आठ म्हयनं राहिल्यात रं. साहेबांनी उत्तम लिवलंय, आन मी धक्का म्हनू? पोरीचं ठरलंय. माजं नाव नको.”

“बरं,” बिरदेव म्हणाला. त्याला राग आला नाही. तो फेट्यासकट फलाटावर उतरला.

स्टेशन मास्तर कपिल तिशीतला, चष्म्याचा, दोन फोन एकदम सांभाळणारा. फेटा पाहून तो म्हणाला, “काका, वऱ्हाड कुठल्या डब्यात आहे?”

“सलूनमध्नं आलोय. मसूरकडनं येताना, चिंचओढ्याच्या मोरीवर…” इथे तो अडखळला.

कपिलने फोन खाली ठेवला. “धक्का बसला?”

धक्का बसला होता, पण आप्पासाहेबाला. बिरदेवला स्वतःला बसला नव्हता. तो लोण्यावरून आला होता. डायरीत एकतीस वर्षांत न पाहिलेली एकही गोष्ट त्याने लिहिली नव्हती, आणि त्या साऱ्या खऱ्या नोंदी मिळून एका गाडीचा वेगही कमी करू शकल्या नव्हत्या.

“काका, गाडी सुटेल. बसला की नाही?”

“बसला,” बिरदेव म्हणाला. “लय मोठा.”

कपिलने लिहून घेतले. “नाव? हुद्दा?”

“नाव सहीतच येतंय. हुद्दा नको. प्रवासी लिवा.”

त्याने सही केली. बाहेर शिट्टी झाली. सलूनच्या दारातून उत्कर्षा मॅडम हाका मारत होत्या, आणि त्यांच्या मागे साहेब वाकून विचारत होते की तो माणूस ऑफिसात काय करतो आहे. दोघेही हळूहळू, मखमली पडद्यांसकट, सांगलीच्या दिशेने निघून गेले.

कपिल मसूरला, मग कंट्रोलला फोनवर सांगत राहिला. हो, विसाच्या वेगाने. हो, प्रवाशाने. नाही, सलूनच्या अहवालाचे मला माहीत नाही, माझ्याकडे सही आहे. बिरदेव बाकावर बसला. जे केले ते बरोबर की चूक, हे त्याला ठरवता येईना. गाडी सुखरूप आली तर लोक म्हणतील काही नव्हतेच. आणि न यावी असे तो मनातही आणू शकत नव्हता.

एक्स्प्रेस बावीस मिनिटे उशिरा आली. खिडक्यांतून माणसे रेल्वेचा उद्धार करीत होती. इंजिनाचा चालक खाली उतरून थेट ऑफिसात शिरला.

“मास्तर, विसानं आलो म्हणून बरं. डावीकडं गाडी अशी कलली,” त्याने पंजा तिरका केला, “की माझा सहायक देवाचं नाव घ्यायला लागला. ती लाईन आता बंदच करा. आणि तिथं माणूस उभा करा आधी.”

कपिलने त्या टप्प्याच्या माणसांना फोन लावला. एकाचा बंद. मुकादम उचलेना.

“त्या टप्प्याचा चावीवाला कोण आहे?” त्याने वैतागून यादी काढली. “मासाळ बी. व्ही. याचा नंबर…”

दारात बिरदेव उभा होता. त्याने फेटा सोडून काखेत मारला होता.

“ब्याटरी द्या मला एकादी,” तो म्हणाला. “आन फटाकं द्या, गाडी आलीच तर थांबवाय रुळावर लावाय. दीड तासात पोचतो.”

कपिलने समोरच्या नोंदीवरची सही पाहिली, मग त्याच्याकडे पाहिले. त्याने कपाट उघडले.