आत्याच्या घशातले सियालिक आम्ल

मी सियालिक आम्लाचा एक जुना रेणू आहे. वय विचाराल तर जेमतेम दोन आठवडे, पण आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येते. आता फार थकलो आहे.

मित्रांनो, नावात आम्ल असले तरी माझा जन्म साखरेतून झाला. सोनियाच्या घशातल्या एका पेशीने मला घडवले आणि आपल्या अंगावरच्या साखरेच्या साखळीत अगदी टोकाला बसवले. तुमच्याही पेशींवर आम्ही असेच दाटीवाटीने बसलेलो असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, त्या आमच्यामुळे. शरीराचे पहारेकरी आपल्याच पेशींवर तुटून पडत नाहीत, तेही आम्हाला ओळखून. कौतुक मात्र कोणी केले नाही. सोनियाला तर माझे नावही ठाऊक नाही.

सोनिया शहागंजात कापडाच्या दुकानात काम करते. तिचा भाऊ सोमनाथ आणि वहिनी तनुजा यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. सोनियाने त्यासाठी नवी साडी घेतली, नावही तिनेच निवडले.

बारशाला तीन दिवस उरले आणि फ्लूचा विषाणू आला. तो आम्हालाच धरून पेशीत शिरतो. राखणीला बसवलेल्यांनीच दार उघडून द्यावे, याची मला फार लाज वाटली. आत त्याने आपली पिलावळ वाढवली. बाहेर पडताना ती आम्हाला चिकटून राहू नये म्हणून तिच्या अंगावरच्या कात्रीसारख्या प्रथिनाने मला तोडून टाकले. तेव्हापासून मी कफात पडून होतो.

सोनियाने गोळी घेतली. ताप उतरला, तशी ती आपण बरे झालो असे समजून बारशाला छावणी भागात भावाच्या घरी गेली. ताप उतरला म्हणजे विषाणू गेला असे नव्हे, पण मला कुठे तोंड आहे सांगायला?

पाळण्याभोवती बायका जमल्या. सोनिया वाकली. तिचे तोंड बाळापासून हातभर अंतरावर आले आणि मी घाबरलो. इतक्यात तिला ढास लागली. तिने झटकन मान फिरवून रुमाल लावला, आणि मी त्यावर येऊन पडलो. ती रुमालाकडे बघत राहिली. मग एकेक पाऊल मागे सरत दारात जाऊन उभी राहिली.

तिची आई दगडाबाई वैतागली. "अगं, आत्याबिगर नाव कसं ठेवावं?"

"मला लई खोकला हाय, आई. मी इथूनच सांगते." सोनियाचे डोळे भरून आले होते. "अपेक्षा."

तनुजा पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात हळूच म्हणाली, "तुझी आत्या म्हणती, तू अपेक्षा."

मित्रांनो, मी आता या रुमालावर सुकत चाललो आहे. त्या बाळाच्या इवल्याशा घशातही माझे भाऊबंद बसले आहेत. विषाणूने धरले तर त्यांना नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. अंगात कसर किंवा खोकला असेल तेव्हा बाळापासून लांब राहा. नाव दारातूनही ठेवता येते.